टिकमदासांचा पांढरा पट्टा

टिकमदास हासानंदानी यांनी अट एकच घातली होती. लग्न कुठल्या हॉटेलात करायचं ते मुलाकडच्यांनी ठरवावं, नवरदेव उंटावरून आणायचा की होडीतून तेही त्यांनीच बघावं, आणि एवढी हौस आहे तर खर्चही त्यांनीच करावा. पण यजमान मात्र टिकमदास. एक तर ते मुलीचे वडील, आणि दुसरं म्हणजे शहर त्यांचं. छत्तीस वर्षं ते दुबईत राहत होते. लेगॉसहून येणाऱ्या वऱ्हाडापुढे हात जोडून ‘आमच्या शहरात तुमचं स्वागत आहे’ हे वाक्य त्यांनाच म्हणायचं होतं, आणि बोलणी व्हायच्या आधीच त्यांनी ते आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं होतं.

“घ्या की अदा, मान घ्या,” मुलाची आई कांचन बूलचंदानी फोनवर म्हणाली. सिंधी माणसाला थोरला भाऊ म्हणून ‘अदा’ म्हटलं की निम्मं काम होतं, हे तिला ठाऊक होतं. “मानाला कुठे परवाना लागतो?”

टिकमदास हसले. फोन ठेवल्यावर मात्र ते हसू टिकलं नाही, कारण परवान्याचंच जरा अवघड होतं. बर दुबई भागातल्या ज्या कापडाच्या दुकानात त्यांनी ठाण उचलण्यापासून मॅनेजरकीपर्यंत सगळं केलं, ते दुकान शेठच्या मुलांनी बंद करायला काढलं होतं. दुकान गेलं की नोकरी गेली, नोकरी गेली की राहण्याचा परवाना गेला, आणि परवाना गेला की माणूस गेला, इतकं ते सरळ होतं. “अंकल, तुमच्यासाठी मेअखेरपर्यंत ओढतो,” धाकट्या शेठनं सांगितलं होतं, “त्यापुढे माझ्याही हातात नाही.” त्यापुढे पिंपरी कॅम्पात भावाच्या घराचा वरचा मजला होता. ही गोष्ट टिकमदास आणि त्यांची बायको ईश्वरी या दोघांनाच माहीत होती. झरनाला, म्हणजे नवरीला, लग्न पार पडल्यावर सांगायचं ठरलं होतं. मेंदीच्या हातांनी तिनं रडत बसू नये असं त्यांना वाटत होतं. आणि खरं सांगायचं तर विहिणीला कळू नये असं त्याहून जास्त वाटत होतं.

तारीख ठरली सतरा मे. त्या दिवशी चंड होता. अमावास्या सरून चंद्राची पहिली कोर दिसते तो चंडाचा दिवस, दर्याचा देव झूलेलाल याचा. त्या दिवशी लग्न लावायला सिंधी माणूस आणखी मुहूर्त विचारत नाही. मेअखेरीला चौदा दिवस शिल्लक राहत होते. टिकमदासांनी ते कॅलेंडरवर बोट ठेवून मोजले, आणि ईश्वरीला पुन्हा मोजायला लावले.

पत्रिकेचा मजकूर घेऊन ते लग्न लावणाऱ्या महाराजांकडे गेले तेव्हा महाराजांनी चष्मा पुसला, पंचांग उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

“साईं,” ते म्हणाले, “मुलीचं लग्न मोडायचं असेल तर सरळ मोडा. अधिक महिन्यात कशाला लावताय?”

“पण चंड आहे ना?”

“आहे. अधिकातला आहे.”

“मग पुढचा?”

“सोळा जून.”

“जूनमध्ये? समुद्राच्या वाळूवर?”

“वाळू तुम्ही निवडलीत,” महाराज पंचांग मिटत म्हणाले. “मी फक्त चंद्र सांगतो.”

घरी येऊन टिकमदास पलंगावर आडवे झाले. एवढ्या मोठ्या विश्वात तीन वर्षांनी एकदा येणारा महिना नेमका याच वर्षी यावा, आणि तोही त्यांच्या चौदा दिवसांवर, यात त्यांना वैयक्तिक आकस दिसत होता.

“सोळा दिवसांचं काय एवढं?” ईश्वरी म्हणाली. “सगळे काढतात तसा पाहुण्याचा परवाना काढू. महिनाभर चालतो.”

“स्वतःच्या घरी पाहुणा?”

“घर भाड्याचं आहे,” ईश्वरी म्हणाली आणि भाजी टाकायला आत गेली.

लग्न पुढे गेल्याचं कळताच गोप छाबलानी आले. गोप तिसऱ्या मजल्यावर राहायचे आणि दुसऱ्या मजल्यावर, म्हणजे टिकमदासांच्या सोफ्यावर, बसायचे. जगातल्या प्रत्येक इमारतीत त्यांचा एक ‘आपला माणूस’ असे. हॉटेलचं नाव ऐकल्याबरोबर ते म्हणाले, “तिथे आपला माणूस आहे. तू निश्चिंत झोप.” त्यांच्या माणसाचा शोध घेता तो हॉटेलच्या धोबीखान्यात निघाला. त्यानं बिचाऱ्यानं वऱ्हाडाच्या शेरवान्यांना फुकट इस्त्री करून द्यायचं कबूल केलं आणि शब्द पाळलाही. अख्ख्या लग्नात दिलेला शब्द पाळणारा तो एकटाच.

“जूनचं काय घेऊन बसलायस?” गोप म्हणाले. “पाण्याचे तुषार उडवणारे पंखे लाव. माणसाला वाटलं पाहिजे, डिसेंबर आहे.”

“समुद्रावर आधीच दमट असतं, गोप.”

“मग थोडं आणखी दमट. त्यात काय?”

पंखे सांगितले गेले. टिकमदासांचा स्वभावच असा होता की चुकीचा सल्ला त्यांना लगेच ओळखू यायचा आणि तरी ते तो ऐकायचे, कारण नाही म्हटलं तर देणाऱ्याला वाईट वाटेल.

लग्नाची सगळी व्यवस्था दालिया नावाच्या बैरूतच्या मुलीकडे होती. ती कधी बसलेली कोणी पाहिली नव्हती. तिनं पाहुण्यांची यादी मागितली तेव्हा टिकमदासांनी यजमान या नात्यानं पहिली सूचना केली. एक नव्हे, दोन याद्या करायच्या. बाहेरून आले ते पाहुणे, त्यांच्या मनगटावर निळा कागदी पट्टा. इथे राहणारे ते घरचे, त्यांना पांढरा. निळ्या पट्ट्याला शहाळं, टोपी, पंखा आणि बसायला पुढची खुर्ची. पांढऱ्याला काही नाही. घरच्यांचं कसलं स्वागत करायचं? गोंधळ नको म्हणून दारातल्या टेबलावर प्रत्येकानं आपला कागद दाखवायचा. राहण्याचं कार्ड असेल तर पांढरा, पासपोर्ट असेल तर निळा.

“कार्ड बघायलाच हवं का, अंकल?” दालियानं विचारलं.

“हवं,” टिकमदास म्हणाले. “नाहीतर शहाळ्यासाठी आमचेच लोक निळा मागतील.”

एवढ्यावर ते थांबले नाहीत. परत जाताना फाटकावरच्या रखवालदारानं निळा पट्टा दिसला की काय म्हणायचं, तेही त्यांनी लिहून दिलं. आधी लिहिलं ‘पुन्हा भेटू’. ते धमकीसारखं वाटलं. मग ‘पुन्हा येण्याची कृपा करावी’. ते बँकेच्या पत्रासारखं झालं. तिसऱ्या खेपेला जमलं: ‘आमच्या शहरात पुन्हा या.’ झरनानं पट्ट्यांचे गठ्ठे घरी बसून मोजले आणि रबर लावून ठेवले. “पांढरे पन्नास जास्त मागवलेत, बाबा,” ती म्हणाली, “आपले लोक कमी पडायला नकोत.”

उंटाचीही कथा सांगायला हवी. हॉटेलनं उंटाचे कागद मागितले. टिकमदासांना वाटलं इथे तरी बूलचंदानींची फजिती होणार. पण दालियानं टेबलावर फाईल उलगडली: उंटाचं नाव, वय, लसी, मालकाचा दाखला आणि परवाना. मुदत पुढच्या वर्षीच्या डिसेंबरपर्यंत. टिकमदास त्या तारखेकडे गरजेपेक्षा जास्त वेळ बघत राहिले.

“याला कुठल्या यादीत घालू?” दालियानं हसत विचारलं.

“इथलाच आहे,” ते म्हणाले. “पांढरा.”

राहता राहिला बहराणा. पितळी ताटात कणकेचा दिवा, खडीसाखर, वेलदोडे, फळं ठेवून झूलेलालच्या नावानं गात समुद्रावर न्यायचं आणि ताट मागे ठेवून बाकी सगळं पाण्यात सोडायचं. त्याशिवाय टिकमदासांच्या घरात कार्य झालेलं नव्हतं. पण हॉटेलचा किनारा म्हणजे परवानगी आली. पहिल्या खिडकीवरच्या तरुणानं त्यांना कॉफी आणि खजूर दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “काका, या खायच्या वस्तू आहेत. खाण्याचं खातं वर.” वरच्या खिडकीनं कॉफी आणि खजूर देऊन विचारलं, “पाण्यात टाकणार तर ते खाणं कसं? तो कचरा. कचऱ्याचं पलीकडच्या इमारतीत.” पलीकडच्या इमारतीला दिवा खटकला, पेटती वस्तू म्हणजे आगीचं खातं. आगीच्या खात्यानं सर्वांत चांगला खजूर दिला आणि सांगितलं, “पाण्यात जाणार म्हणजे विझणार. मग आमचा काय संबंध?” इतक्या गोड माणसांवर चिडणंही कठीण. तीन आठवड्यांनी टिकमदासांचं वजन वाढलं आणि हातात एक कागद आला. त्यावर लिहिलं होतं की सदर किनाऱ्यावरून कोणतीही व्यक्ती कोणतीही वस्तू समुद्रात सोडणार नाही, आणि खाली त्यांनी सही करायची होती.

त्यांनी केली. बहराणा मांडवात ठेवायचा, पूजा करायची आणि उचलून घरी आणायचा असं ठरलं. रात्री जेवताना ते ईश्वरीला म्हणाले, “छत्तीस वर्षांत या समुद्राकडे मी काही मागितलं नाही. आता द्यायला निघालो तर तेही नको म्हणतात.” ईश्वरीनं त्यांच्या ताटात आणखी एक फुलका वाढला.

एकतीस मेला दुकानाचं शटर खाली आलं. झरनाचा परवाना तिच्या स्वतःच्या नोकरीचा होता, आणि बाबा लग्नासाठी रजेवर आहेत असंच तिला सांगितलं होतं. दुसऱ्या आठवड्यात टिकमदासांचं कार्ड रद्द झालं आणि पासपोर्टात तीस दिवसांचा परवाना आला. अर्जात ‘येण्याचं कारण’ अशी ओळ होती. तिथे ‘पर्यटन’ लिहावं लागलं. शहरातल्या सगळ्यात उंच मनोऱ्यावर आपण अजून चढलेलो नाही, हे त्यांना तेव्हा आठवलं. रोज खिडकीतून दिसायचा, कधीही जाता येईल असं वाटत राहिलं.

सोळा जूनला दुपारी चारला ते हॉटेलच्या दारात पोहोचले. ईश्वरी सकाळपासून आत झरनापाशीच होती. बेचाळीस अंश ऊन होतं आणि हवा इतकी जड की शेरवानीची इस्त्री गाडीतून उतरेपर्यंतही टिकली नाही. दारातल्या टेबलावर एक नवीन मुलगी बसली होती, नोकरीला लागून दोन महिने झालेली.

“कार्ड किंवा पासपोर्ट, सर?”

 हा नियम आपल्यालाही लागेल हे टिकमदासांच्या डोक्यातच आलं नव्हतं. मी नवरीचा बाप आहे, एवढं म्हटलं असतं तरी काम झालं असतं. पण मग तिनं विचारलं असतं, कार्ड कुठंय. आणि पाठीमागे रांगेत लेगॉसची सगळी काकामंडळी टोप्या सावरत उभी होती. दालिया तेवढ्यात तिथून धावत गेली आणि जाता जाता मुलीला म्हणाली, “सगळ्यांचे कागद बघ. अंकलचा नियम कडक आहे.”

टिकमदासांनी खिशातून पासपोर्ट काढून पुढे केला.

“स्वागत आहे, सर.” मुलीनं निळा पट्टा त्यांच्या मनगटावर चिकटवला. एकदा चिकटला की कापल्याशिवाय निघत नाही, असा मजबूत पट्टा टिकमदासांनीच निवडला होता. “दुबईत पहिल्यांदाच आलात?”

“नाही,” ते म्हणाले. “पूर्वी येऊन गेलोय.”

हातात शहाळं घेऊन ते यजमानाच्या जागी, म्हणजे मांडवाच्या तोंडाशी, उभे राहिले. दोन वाढप्यांनी पाळीपाळीनं येऊन, निळा पट्टा बघून, त्यांना अदबीनं पुढच्या खुर्चीत नेऊन बसवलं. दोन्ही वेळा ते उठून परत आले. तिसऱ्या वेळी त्यांनी हात पाठीमागे बांधले. पण हात पाठीमागे बांधून स्वागत करता येत नाही, आणि जोडले की बाही वर सरकते. शेवटी त्यांनी हात अर्धेच जोडायचं ठरवलं. लांबून पाहणाऱ्याला ते काहीतरी लपवताहेत असं वाटत होतं.

कांचन आली तेव्हा ते वाक्य म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, इतक्यात पापडाचं ताट मध्ये आलं. सिंध्याच्या दारात आलेल्याला आधी पापड आणि पाणी. पण गोपच्या पंख्यांनी तासभर तुषार उडवून आपलं काम चोख केलं होतं. कांचननं एक पापड उचलला. तो तिच्या बोटावरून दोन्ही बाजूंनी खाली लोंबला.

“अदा, हे काय?”

“हवा दमट आहे, अदी.”

“लेगॉसलाही दमटच असते,” कांचन म्हणाली. “आमचा पापड वाजतो.” तिनं तो ताटात परत ठेवला आणि आत गेली. वाक्य टिकमदासांच्या तोंडातच राहिलं.

पाठोपाठ उंट आला. नवरदेव निखिल वर घट्ट डोळे मिटून बसला होता. उंटाच्या लगामाला पांढरा पट्टा गुंडाळलेला होता. टिकमदासांनी जावयाला ओवाळण्यासाठी ताट उचललं तेव्हा उंटानं त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनीच नजर वळवली.

साडेसहाला, ऊन उतरल्यावर, लग्न लागायला घेतलं. मांडव पाण्यापासून पंधरा पावलांवर होता. दालियानं तीन आठवड्यांपूर्वी स्वतः येऊन जागा पक्की केली होती, आणि त्या दिवशी समुद्र शहाण्यासारखा लांब होता. पण अमावास्येच्या आगेमागे भरती मोठी येते. चंद्राची कोर बघून लग्न ठरवणाऱ्या समाजात, तोच चंद्र समुद्रालाही वर ओढतो हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. महाराजांच्या नाही, गोपच्या ‘आपल्या माणसा’च्या नाही, आणि झूलेलालला रोज हात जोडणाऱ्या टिकमदासांच्या तर नाहीच.

महाराजांनी झरनाचा आणि निखिलचा उजवा हात लाल कापडानं एकत्र बांधला. कन्यादानासाठी टिकमदासांना त्या बांधलेल्या हातांवर पाणी सोडायचं होतं. ते पुढे वाकले, तांब्या कलता केला आणि बाही कोपरापर्यंत मागे गेली. झरनाची मान खालीच होती. तिच्या डोळ्यांसमोर एक वीतभर अंतरावर तो पट्टा होता.

“बाबा,” ती हळूच म्हणाली, “निळा का?”

“पांढरे संपले.”

 पांढऱ्यांचे गठ्ठे झरनानं स्वतः मोजले होते, पन्नास जास्तीचे धरून. तिनं एकदा ईश्वरीकडे पाहिलं. ईश्वरी पदरानं तोंडावरचा घाम पुसत होती, आणि तो बराच वेळ पुसत राहिली. मग झरनाच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि जमलेल्या बायका समाधानानं म्हणाल्या की मुलगी बापावर फार जीव टाकते.

फेरे चार. दुसऱ्या फेऱ्याला महाराजांचं आसन ओलं झालं. त्यांना वाटलं कोणी कलश लवंडला, म्हणून त्यांनी मंत्र न थांबवता एका पोराला डोळ्यांनी दटावलं. तिसऱ्या फेऱ्याला पाणी घोट्याला लागलं. पाहुणे खुर्च्या सोडून थंड हॉलकडे पळाले. निळे पट्टे आधी, पांढरे मागून. होमाजवळ आग विझवायचं नळकांडं घेऊन सकाळपासून उभा असलेला माणूस समुद्राकडे बघत राहिला. हात एकत्र बांधलेले असल्यामुळे नवरानवरीला पळताही येईना. मांडवाच्या एका खांबाच्या अलीकडून निखिल आणि पलीकडून झरना असे दोघं अडकले.

“चौथा फेरा इथेच,” झरना म्हणाली. “महाराज, म्हणा.”

महाराजांनी धोतर गुडघ्यापर्यंत खोचलं आणि म्हटलं. चौथा फेरा पाण्यातून झाला. टिकमदास पायजमा वर धरून उभे होते. तेवढ्यात एक लाट मांडवात सावकाश शिरली, पाटावरच्या बहराण्याखाली गेली आणि तो दिव्यासकट उचलून बाहेर घेऊन गेली. ताटासकट. दिवा थोडा वेळ पाण्यावर जळताना दिसला. टिकमदासांना कागदावरची सही आठवली. कोणत्याही व्यक्तीनं काहीही सोडलेलं नव्हतं. त्यांनी तिथेच, दोन्ही हात पूर्ण जोडले. बाही मागे गेली तरी त्यांनी ती सावरली नाही.

आठाच्या सुमारास निरोपाची वेळ झाली. इथेही सगळं उलटंच होतं. नवरानवरी तीन दिवस हॉटेलातच राहणार होती आणि मांडवातून निघायचं होतं ते आईबापांनी. झरना दारापर्यंत पोहोचवायला आली. फोटोवाल्यानं तिघांना जवळ उभं केलं. तो ‘हां’ म्हणायच्या आत झरनानं डावा हात पुढे करून वडिलांची बाही ओढली आणि मनगटावर आणून नीट दाबून बसवली.

“कधी जायचंय?” तिनं समोर बघतच विचारलं.

“जुलैच्या सातला.”

“मला सांगायचं नाही?”

“सांगणारच होतो. आधी तुझं होऊ दे म्हटलं.”

“पोहोचलात की फोन करा,” झरना म्हणाली. तिनं वडिलांच्या छातीवर डोकं टेकलं आणि ती रडायला लागली. टिकमदासांनाही फार रडू आलं. त्यांनी ते आवरलं नाही. तसं ते विहिणीसमोरच झालं, पण कांचननं त्या वेळी काही टोमणा मारला नाही. आत जाऊन ती एका डब्यात मिठाई भरून घेऊन आली आणि ईश्वरीच्या हातात ठेवली.

टॅक्सी फाटकाशी थांबली. आत येताना मिळालेलं टोकन परत द्यायचं होतं. टिकमदासांनी काच खाली करून हात बाहेर काढला, आणि बाही मागे गेली. रखवालदारानं टोकन घेतलं, मनगटाकडे पाहिलं आणि ताठ उभा राहून, अगदी पाठ केल्यासारखं म्हणाला,

“आमच्या शहरात पुन्हा या, साहेब.”

टिकमदासांनी मान डोलावली. टॅक्सी रस्त्याला लागली.  मग मिठाईचा डबा मांडीवर सावरत ईश्वरी म्हणाली, “वाक्य चांगलं लिहिलंत हो.”

“दोनदा खोडलं होतं,” टिकमदास म्हणाले, आणि खिडकीतून तो उंच मनोरा मागे जाईपर्यंत बघत राहिले.